टेमोटू प्रांत : बेटे, माणसे आणि भाषा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेमोटू नेमके कोठे आहे?

पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांच्या देशात नऊ प्रांत आहेत आणि त्यांपैकी सर्वांत पूर्वेकडचा प्रांत म्हणजे टेमोटू. देशाची राजधानी होनियारा ग्वाडलकॅनाल बेटावर आहे. तिथून पूर्वेला, थोडे दक्षिणेकडे कलत, सुमारे ६५० किलोमीटर समुद्र ओलांडला की नेन्डो हे बेट लागते आणि त्याच्या वायव्य बाजूला, ग्रासिओसा उपसागराच्या काठी, लाटा हे प्रांताचे मुख्य ठिकाण आहे. तिथले घड्याळ भारताच्या साडेपाच तास पुढे चालते. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती ९०० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते आणि २००९ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २१,३६२ होती. मात्र एवढीशी जमीन आणि एवढी माणसे ज्या समुद्रावर विखुरली आहेत त्याचा पसारा मोठा आहे. लाटापासून टिकोपिया हे बेट सुमारे ३७० किलोमीटर, तर अनुटा हे बेट सुमारे ४५० किलोमीटर दूर आहे.

इतका लांबचा प्रदेश सॉलोमनमध्ये कसा आला?

ब्रिटिशांनी १८९३ मध्ये मुख्य सॉलोमन बेटे आपल्या संरक्षणाखाली घेतली आणि पाचेक वर्षांनी सांताक्रूझ, डफ, वानिकोरो, टिकोपिया अशी पूर्वेची बेटेही त्याच कारभाराला जोडली. ७ जुलै १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा ही जोडणी तशीच पुढे चालू राहिली. निसर्गाने मात्र वेगळी वाटणी केलेली आहे. टिकोपियाहून व्हानुआटू देशातील बँक्स बेटे साधारण २२० किलोमीटरवर आहेत, म्हणजे स्वतःच्या प्रांताच्या मुख्यालयापेक्षा परका देश जवळ. वनस्पती आणि पक्षी पाहिले तरी सांताक्रूझची जंगले अभ्यासक व्हानुआटूच्या जंगलांबरोबर एका गटात धरतात.

या प्रांताला ‘दुर्गम’ म्हणताना ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. होनियाराच्या धक्क्यावरून मोजले तर टेमोटू दूर आहे, यात शंका नाही. पण हा धक्का शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणाच्याही मोजणीचे टोक नव्हता. बेटांचे आपसांत व्यवहार होते, सोयरिकी होत्या आणि जाण्यायेण्याचे ठरलेले मार्ग होते. आज जाणवणारा एकाकीपणा बऱ्याच अंशी नंतर आलेल्या सरहद्दींनी आणि जहाजांच्या वेळापत्रकांनी घडवला आहे.

प्रांतात कोणकोणती बेटे येतात?

सर्वांत मोठे बेट नेन्डो. त्यालाच नकाशावर सांताक्रूझ असेही नाव असते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस किलोमीटर असून सर्वोच्च माथा साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. आतला भाग दाट जंगलाचा, वस्ती बहुतेक किनाऱ्याला. वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कोरडा म्हणावा असा महिना जवळजवळ नसतोच.

नेन्डोच्या उत्तरेला टिनाकुला हा समुद्रातून थेट वर आलेला शंकू आहे. ईशान्येला रीफ बेटे पसरली आहेत. ती प्रवाळांची, बुटकी, जमिनीने तोकडी आणि माणसांनी गजबजलेली आहेत. त्यांच्याही पलीकडे डफ बेटांची छोटी रांग असून तिच्यातील मुख्य बेट टाउमाको होय. ‘डफ’ हे नाव १७९७ मध्ये तिथून गेलेल्या एका मिशनरी जहाजाचे. नेन्डोच्या आग्नेयेला उटुपुआ आणि त्यापुढे वानिकोरो ही दोन डोंगराळ बेटे येतात. दोहोंभोवती प्रवाळकड्यांचे कडे आहे आणि वानिकोरोचा डोंगर ९०० मीटरहून उंच आहे. याच वानिकोरोवर कौरी जातीचे महाकाय वृक्ष होते. १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत त्यांची तोड चालली. मग अगदी पूर्वेला, मोकळ्या समुद्रात, टिकोपिया आणि अनुटा. फटुटाका हा निर्जन खडक त्यांच्याही पलीकडे आहे.

इथे भूकंप आणि ज्वालामुखीचा धोका कितपत आहे?

धोका मोठा आहे आणि तो लोकांच्या नित्याच्या आयुष्याचा भाग आहे. या भागात ऑस्ट्रेलियन भूपट्ट पॅसिफिक भूपट्टाखाली वर्षाला सुमारे नऊ सेंटिमीटर वेगाने सरकतो, आणि हा वेग भूशास्त्राच्या हिशेबात फार मानला जातो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी नेन्डोजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामागोमाग आलेल्या सुनामीने किनाऱ्यावरची गावे धुऊन नेली, सुमारे दहा माणसे दगावली आणि शेकडो घरे पडली. पाणी आत शिरले तेव्हा बहुतेकांनी उंचवट्याकडे धाव घेतली म्हणून प्राणहानी आणखी वाढली नाही.

टिनाकुलाची उंची ८५१ मीटर आहे. १५९५ मध्ये स्पॅनिश जहाजे या पाण्यात आली तेव्हाही तो धगधगत होता. १८४० च्या सुमारास झालेल्या स्फोटात त्या बेटावर राहणारे सगळे लोक मरण पावले असे सांगतात. पुढे वस्ती पुन्हा झाली आणि १९७१ च्या उद्रेकानंतर ती हलवावी लागली. ऑक्टोबर २०१७ मध्येही त्याने राखेचे मोठे लोट फेकले.

माणसे इथे प्रथम कधी आली?

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी. हा आकडा नीट समजून घेण्याजोगा आहे. सॉलोमनच्या मुख्य साखळीत, तिच्या पश्चिम टोकाच्या बुका बेटावर, माणसाच्या वस्तीच्या खुणा सुमारे २९,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे त्या साखळीत लोक पोचल्यानंतर कितीतरी हजार वर्षे पूर्वेकडची पुढची उडी कोणी मारली नाही, कारण मुख्य साखळी आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये साडेतीनशे किलोमीटरहून अधिक रुंदीचा उघडा समुद्र आहे आणि मधे नजरेला जमीन पडत नाही. पॅसिफिकच्या अभ्यासात हीच सीमा ‘जवळचा ओशनिया’ आणि ‘दूरचा ओशनिया’ यांच्यामधली मानली जाते.

ती उडी मारली लापिता संस्कृतीच्या लोकांनी. दातेरी साच्याने ठसे उमटवलेली त्यांची मातीची भांडी रीफ बेटांवरच्या नेनुम्बो या ठिकाणी आणि नेन्डोवर सापडली आहेत. रॉजर ग्रीन या पुरातत्त्वज्ञाने केलेल्या या उत्खननांत ज्वालामुखी काचेचे तुकडेही मिळाले. धारदार पाती काढण्यासाठी वापरली जाणारी ही काच पश्चिमेला सुमारे २,००० किलोमीटरवरच्या न्यू ब्रिटन बेटाची होती. पहिल्या वसाहतवाल्यांनी मागच्या किनाऱ्याशी संबंध तोडला नव्हता, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता असणार?

इथले लोक मेलानेशियन की पॉलिनेशियन?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे ठोकळ उत्तर असे की नेन्डो, उटुपुआ, वानिकोरो आणि रीफ बेटांपैकी मोठ्या बेटांवरचे लोक मेलानेशियन म्हणून ओळखले जातात, तर टिकोपिया, अनुटा, डफ आणि रीफ समूहातील पिलेनी, नुकापू, नुपानी, मातेमा यांसारख्या छोट्या बेटांवरचे लोक पॉलिनेशियन भाषा बोलतात. हे पॉलिनेशियन लोक जुन्या काळापासून इथेच थांबलेले नव्हेत. त्यांचे पूर्वज सामोआ-तोंगाच्या बाजूने, वाऱ्याच्या दिशेने, पुन्हा पश्चिमेकडे आले. अनुटाचे लोक आपले मूळ तोंगा आणि उवेआ येथे सांगतात.

पण ही विभागणी ज्याने रूढ केली त्याची हकिकत या प्रांताशीच जोडलेली आहे. फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युरव्हिल १८२८ मध्ये वानिकोरोला येऊन राहिला होता आणि परतल्यावर तीनचार वर्षांतच त्याने ‘मेलानेशिया’ म्हणजे काळ्या लोकांची बेटे हा शब्द प्रचारात आणला. त्याच्या वर्गीकरणात कातडीचा रंग आणि युरोपियनांना वाटलेली सुसंस्कृतपणाची प्रतवारी यांची सरमिसळ होती. टेमोटूत ते वर्गीकरण पावलोपावली फसते. वानिकोरोवरच मूळचे मेलानेशियन गावकरी आणि टिकोपियाहून येऊन दक्षिण किनाऱ्यावर वसलेले लोक शेजारी राहतात. रीफ बेटांवर दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या सोयरिकी पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. म्हणून हे दोन शब्द भाषेपुरते वापरावेत, माणसांच्या जाती म्हणून वापरू नयेत, असे माझे मत आहे.

प्रांतात किती भाषा बोलल्या जातात?

डझनभराच्या आसपास, आणि बोलणारे वीस-बावीस हजार. नेन्डोवर नातुगू, नालोगो आणि एंगदेवू, रीफ बेटांवर आइवो, उटुपुआवर तीन, वानिकोरोवर तीन, शिवाय वाएआकाऊ-टाउमाको, टिकोपिया आणि अनुटा यांची पॉलिनेशियन बोलणी. बेटाबेटांतला व्यवहार पिजिन या इंग्रजीवरून घडलेल्या मिश्र भाषेतून चालतो आणि कागदोपत्री इंग्रजी असते.

नेन्डो आणि रीफ बेटांच्या भाषांनी भाषाशास्त्रज्ञांना बराच काळ चकवले. त्यांची क्रियापदे इतकी गुंतागुंतीची आहेत आणि ओळखीचे शब्द इतके कमी सापडत की त्या पापुआच्या जुन्या भाषांशी संबंधित असाव्यात, असे अनेकांना वाटे. तसे असते तर लापिता लोकांच्या आधी, किंवा त्यांच्याबरोबर, दुसरेच कोणी इथवर आले होते असे मानावे लागले असते. २००७ मध्ये माल्कम रॉस आणि ओशिल्ड नेस या अभ्यासकांनी ध्वनिबदलांचे नियम बारकाईने लावून दाखवले की या भाषा पॅसिफिकच्या बेटांवर पसरलेल्या ओशनिक भाषाकुळातल्याच आहेत, फक्त फार लवकर वेगळ्या झालेल्या आहेत.

वानिकोरोची गोष्ट याहून नाजूक आहे. तिथे तेआनू, लोवोनो आणि तानेमा अशा तीन भाषा. अलेक्झांद्र फ्रांस्वा या भाषाशास्त्रज्ञाला असे आढळले की तिन्हींचे शब्द एकमेकांना परके आहेत, परंतु व्याकरण आणि वाक्याची ठेवण जवळजवळ एकच आहे. एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. छोट्या बेटावर शतकानुशतके एकत्र नांदताना लोकांनी विचार करण्याची पद्धत एक केली आणि शब्द मात्र आपापले जपले. आज तेआनूने बाकी दोघींना झाकले आहे. २०१० नंतरच्या वर्षांत लोवोनो बोलणारे मोजके वृद्ध होते आणि तानेमाचा बोलणारा एकच उरला होता.

पिसांचे चलन म्हणजे काय?

याचे नाव तेवाऊ, आणि नेन्डोच्या लोकांची ही कारागिरी जगात दुसरीकडे कोठे नाही. दुरून पाहिले तर जाड तांबडा पट्टा गुंडाळून ठेवलेला दिसतो. उलगडला तर तो दहा मीटरपर्यंत भरतो. जवळून पाहिले म्हणजे कळते की तो छोट्या छोट्या चिपांचा बनलेला आहे. प्रत्येक चीप कबुतराच्या राखी पिसांची, झाडाच्या चिकाने चिकटवलेली. तिच्या फक्त एका कडेवर तांबड्या पिसांची बारीक झालर बसवलेली असते. या चिपा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढवून दोन दोऱ्यांवर बांधत नेतात, त्यामुळे राखी भाग झाकला जातो आणि डोळ्यांना केवळ लाल रंग दिसतो.

लाल पीस येते ते एका चिमुकल्या मधपक्ष्याचे. एका वेटोळ्याला तीनशेहून अधिक पक्षी आणि पन्नास हजारांच्या घरात पिसे लागत. काम तिघांत वाटलेले असे: पक्षी पकडणारा, चिपा करणारा आणि बांधणारा. पक्षी पकडणारा चिकट चीक लावलेल्या फांद्या ठेवून, आवाज काढून, पक्ष्यांना बोलवत असे. ही तिन्ही कौशल्ये विशिष्ट घराण्यांकडे असत.

या चलनाची किंमत त्याच्या रंगात होती. नवे वेटोळे भडक लाल असताना त्याला सर्वाधिक मोल मिळे. वापराने, ओलीने आणि किड्यांनी तांबडेपणा उतरत गेला की मोलही उतरत जाई. म्हणून ते पानात आणि सालीत गुंडाळून घरातल्या चुलीच्या वर, धुरात, टांगून ठेवत. वधूमूल्य, होडीची खरेदी, तंट्यातली भरपाई यांसाठी ते लागे. या व्यवहाराची काळी बाजूही सांगितली पाहिजे: रीफ बेटांवरून नेन्डोला लाल पिसांच्या बदल्यात स्त्रियाही दिल्या जात, आणि त्या सगळ्याच जणी पत्नी म्हणून जात नसत. वसाहतीच्या सरकारने ते बंद केले. विसाव्या शतकात रोख पैसा आला, तशी तेवाऊची गरज आणि ते करणारे हात दोन्ही कमी झाले.

इथले लोक एवढ्या अंतरावर होड्यांनी कसे जात?

त्यांच्या मोठ्या होडीचे नाव ते पुके. उंडीच्या जातीच्या झाडाचा सरळ ओंडका आतून पोखरून तिचा मुख्य भाग करतात. तो जवळजवळ पूर्ण बंद असतो आणि पाण्यात बुडालेलाच चालतो. माणसे आणि माल त्याच्यावर उंच बांधलेल्या मचाणावर बसतात. एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल राखणारा लाकडी आधार, असते. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होड्या पाहिलेल्यांना ही रचना चटकन ओळखू येईल. शीड केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटयांचे असते आणि त्याचा आकार खेकड्याच्या नांगीसारखा, वर दोन टोके निघालेला असतो. वाऱ्याला धरून वर चढण्याची या शिडाची ताकद मोठी आहे.

व्यवहार सगळ्या बेटांना गुंफणारा होता. टाउमाकोत लाकूड आणि होड्या बांधणारे हात, रीफ बेटांवर खलाशी आणि व्यापारी, नेन्डोवर बागायती आणि पिसे, उटुपुआ-वानिकोरोकडे शिंपल्यांचे दागिने. कोणतेही बेट स्वतःपुरते पुरेसे नव्हते.

दिशा ताऱ्यांवरून ठरवत, वाऱ्यांवरून ठरवत आणि लाटांवरूनही ठरवत. टाउमाकोत वाऱ्यांच्या स्थानांची एक पूर्ण मांडणी आहे, तिला नोहोअंगा ते मातांगी म्हणतात. जमीन दूर असताना पाण्याखाली झटकन चमकून जाणाऱ्या प्रकाशरेघांनाही खलाशी वाटाड्या मानतात. त्यांचे नाव ते लापा. त्यांचा सर्वमान्य शास्त्रीय उलगडा अद्याप झालेला नाही.

डेव्हिड लुईस हा नौकानयनाचा अभ्यासक १९६८ मध्ये रीफ बेटांच्या तेवाके नावाच्या वृद्ध नाखव्याबरोबर या पाण्यातून गेला. आभाळ पूर्ण झाकलेले, सूर्य नाही, तारा नाही, अशा स्थितीत तासन्‌तास तेवाके केवळ लांबून येणाऱ्या मूळ लाटांचा झोल अंगाने ओळखत होडी हाकत राहिला आणि हवे त्याच बेटाला लागला. काही काळाने तेवाकेने गावकऱ्यांचा निरोप घेतला, एकटाच समुद्रावर गेला आणि परतला नाही. टाउमाकोत पुढे १९९० च्या दशकात कोलोसो कावेया या मुखियाने तरुणांना ते पुके बांधण्याचे आणि हाकण्याचे शिक्षण पुन्हा सुरू केले. त्याचे निधन २००९ मध्ये झाले. ही विद्या पुस्तकात उतरवून पुरत नाही. होडी बांधत राहिले आणि तीतून जात राहिले तरच ती टिकते, आणि म्हणूनच त्या माणसाचे काम मला फार मोलाचे वाटते.

लोक काय पिकवतात आणि काय खातात?

अळकुड्या, कोनफळाच्या जातीचे कंद, केळी, नारळ, नीरफणस आणि मासे. आपल्याकडच्या अळूचीच ही जात असून तिथे पानांपेक्षा कंदाला महत्त्व आहे. नीरफणस हंगामात भरमसाट येतो आणि मग महिनोन्‌महिने नसतो, म्हणून त्याला टिकवण्याच्या दोन युक्त्या आहेत. रीफ बेटांवर त्याचे तुकडे भाजून-वाळवून कडक करतात. त्याला नाम्बो म्हणतात आणि तो समुद्रप्रवासाची शिदोरी आहे. टिकोपियावर नीरफणस खड्ड्यात, पानांच्या अस्तरात पुरून आंबवतात. या मासीचा वास उग्र असतो, पण ती वर्षानुवर्षे टिकते आणि वादळानंतर बागा भुईसपाट झाल्या की तिच्यावरच दिवस निघतात.

विडा खाण्याची चाल इथे सर्रास आहे: सुपारी, नागवेलीचे पान आणि प्रवाळ भाजून केलेला चुना. तीच सुपारी, तीच वेल. पॅसिफिकमध्ये ही चाल पूर्वेकडे जवळजवळ इथवरच पोचते. पुढच्या बेटांवर कावा पितात. टिकोपियावर दोन्ही होते आणि तिथे कावा प्यायचा नसून पूर्वजांना ओतायचा असे.

टिकोपियाचे नाव एवढे प्रसिद्ध का आहे?

मुख्यतः रेमंड फर्थ या मानववंशशास्त्रज्ञामुळे. तो १९२८-२९ मध्ये तिथे वर्षभर राहिला आणि त्या छोट्या समाजाबद्दल त्याने पुढची अनेक दशके लिहिले. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस किलोमीटर, वस्ती बारा-तेराशे. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात ते रोटो हे तळे, त्याच्या कडेला रेआनी हा डोंगर. चार घराण्यांचे चार अरिकी, म्हणजे मुखिया, आहेत: काफिका, ताफुआ, टाउमाको आणि फांगारेरे. जुन्या धर्मातले शेवटचे लोक १९५५ च्या सुमारास ख्रिस्ती झाले, पण अरिकींचा मान तसाच राहिला.

पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांनी १९७७-७८ मध्ये केलेल्या उत्खननातून दिसले की पहिल्या वसाहतवाल्यांनी जंगल जाळले, पक्षी आणि कासवे खाऊन संपवली आणि नंतरच्या पिढ्यांनी हळूहळू सगळे बेट बाग करून टाकले: वर नारळ, नीरफणस आणि बदामासारख्या बियांची झाडे, खाली कंद. साधारण १६०० च्या सुमारास त्यांनी बेटावरची सगळी डुकरे मारून टाकली. मेलानेशिया-पॉलिनेशियात डुक्कर म्हणजे प्रतिष्ठा, मेजवानी आणि संपत्ती. ते सोडणे हा लहान निर्णय नव्हता, पण डुक्कर माणसाच्याच वाट्याचे खात होते.

मोठ्या चक्रीवादळात एवढी छोटी बेटे तगतात कशी?

२८ डिसेंबर २००२ रोजी झोई हे चक्रीवादळ टिकोपिया आणि अनुटावरून गेले. ते सर्वोच्च श्रेणीचे होते. बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आणि मदतीचे पहिले जहाज पोचायला सुमारे आठवडा लागला. तोवर सर्वांनी वाईटाचीच कल्पना केली होती. प्रत्यक्षात घरे आणि बागा उद्ध्वस्त झाल्या होत्या, समुद्राने वाळूचा बांध फोडून टिकोपियाच्या तळ्यात प्रवेश केला होता, पण एकही माणूस दगावला नव्हता. वादळाची चाहूल लागताच लोक गुहांत आणि खडकांच्या आडोशाला गेले होते.

अनुटा तर अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि तिथे सुमारे तीनशे माणसे राहतात. त्यांच्या जगण्याचा आधार म्हणून ती अरोपा हा शब्द सांगतात. त्याचा अर्थ प्रेम, पण नुसते मनातले नव्हे. कोणाला तरी खायला दिले, वाटा दिला, मूल वाढवायला घेतले, तर ते अरोपा. ज्याच्या घरी पुरुष मासेमारीला जाऊ शकत नाही त्याच्याही दाराशी माशांचा वाटा पोचतो.

या बेटांच्या इतिहासात भारतीय माणूस आल्याचे खरे आहे का?

होय. १८१३ मध्ये पीटर डिलन या खलाशाने टिकोपियावर तीन माणसांना उतरवले होते: मार्टिन बुशार्ट नावाचा प्रशियन, त्याची फिजीची पत्नी आणि ज्यांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत त्यांपैकी एक भारतीय खलाशी. नोंदींत तो ‘जो’ या नावाने येतो. तेरा वर्षांनी, १८२६ मध्ये, डिलन पुन्हा तिथे आला तेव्हा तो खलाशी टिकोपियाच्या लोकांत मिसळून गेला होता. त्याने जहाजावर तलवारीच्या मुठीचा चांदीचा जुना भाग विकायला काढला. विचारल्यावर कळले की अशा वस्तू वानिकोरोवरून येतात, आणि हा खलाशी तिथे स्वतः जाऊन आला होता.

वानिकोरोला काय घडले होते, ते सारा फ्रान्स चाळीस वर्षे शोधत होता. ला पेरूझ हा दर्यावर्दी मार्च १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडून निघाला आणि बूसोल व अस्त्रोलाब या दोन जहाजांसह नाहीसा झाला. डिलन कलकत्त्याला आला, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडून ‘रिसर्च’ हे जहाज मिळवले आणि सप्टेंबर १८२७ मध्ये वानिकोरोला पोचला. दोन्ही जहाजे तिथल्याच प्रवाळकड्यांवर आपटून फुटली होती. तेव्हा शोधाचा मान डिलनला मिळाला, पण त्याच्या मुळाशी टिकोपियाच्या होड्यांचा वानिकोरोशी चालू असलेला व्यवहार आणि एका भारतीय खलाशाच्या हातातली चांदी होती. त्याचे खरे नाव इतिहासाने नोंदवून ठेवायला हवे होते.

युरोपियनांशी इथल्या लोकांचे संबंध कसे होते?

आरंभच वाईट झाला. सप्टेंबर १५९५ मध्ये आल्व्हारो दे मेंडान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी वसाहत करायला ग्रासिओसा उपसागरात आला. मालोपे या मुखियाने त्याच्याशी नावांची अदलाबदल करून मैत्री जोडली, आणि स्पॅनिश सैनिकांनी त्याच मालोपेला ठार मारले. तापाने आणि चकमकींनी वसाहत खचली. १८ ऑक्टोबरला मेंडान्या मरण पावला आणि त्याची पत्नी इसाबेल बारेतो हिच्या अधिकारात उरलेली माणसे मनिलाकडे निघून गेली.

एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांसाठी मजूर पळवणारी जहाजे फिरू लागली. २० सप्टेंबर १८७१ रोजी अँग्लिकन मिशनरी बिशप पॅटेसन नुकापू बेटावर उतरले आणि मारले गेले. बेटावरून माणसे पळवली गेल्याचा तो सूड होता, असे तेव्हापासून मानले जाते. त्यानंतर एका ब्रिटिश युद्धनौकेने नुकापूवर तोफा डागल्या. दुसरीकडे, या घटनेच्या धक्क्याने १८७२ मध्ये ब्रिटनने अशा अपहरणांविरुद्ध कायदा केला. आज प्रांतातले बहुसंख्य लोक अँग्लिकन आहेत आणि पॅटेसन यांचे स्मरण नुकापूवर आदराने केले जाते.

आज लोकांचे जीवन कसे चालते?

बहुतेक कुटुंबे आपल्या बागेवर आणि समुद्रावर जगतात. रोख पैसा खोबरे, समुद्रकाकडी नावाचा समुद्रजीव आणि बाहेर गेलेल्या नातलगांकडून येतो. टिकोपियाचे लोक रसेल बेटांवर, मकिरा बेटावर आणि होनियारात वस्त्या करून राहिले आहेत, आणि मूळ बेटावरच्या माणसांहून बाहेरची माणसे कमी नाहीत. सर्वांत मोठी अडचण जहाजाची आहे. दूरच्या बेटांना ते कधी काही आठवड्यांनी येते, कधी काही महिन्यांनी. आजारी माणूस, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, विकायला काढलेले खोबरे, सगळे त्याची वाट पाहतात. ज्यांच्या पणजोबांनी स्वतःच्या शिडांनी हा समुद्र पार केला, त्यांना आज दुसऱ्याच्या डिझेलची वाट पाहावी लागते.

बाहेरच्या माणसाला तिथे जाता येते का?

नेन्डोला होनियाराहून छोटे विमान जाते, तेही हवामान साथ देईल तेव्हा. टिकोपिया आणि अनुटाला धावपट्टीही नाही आणि धक्काही नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि छोट्या होड्या प्रवाळांतल्या फटीतून माणसांना किनाऱ्याला आणतात. वाळूवर पाय लागल्यावर पहिले काम म्हणजे अरिकींच्या घरी जाणे. तिथे दार बुटके असते, आत वाकून जायचे, खाली बसायचे आणि त्यांच्यापेक्षा उंच जागी डोके राहू द्यायचे नाही. आणलेली भेट पुढे ठेवायची आणि किती दिवस राहायचे आहे ते सांगायचे. पुढचे जहाज कधी येणार हे मात्र त्यांनाही ठाऊक नसते.